बीव्हरचे दात

"बीव्हर झोपेत दात खातो, हे तू सलूनमधल्या दहा वर्षं जुन्या मासिकातून उचललंस?" प्रोफेसर लिंडक्विस्टनी कोर्टनीच्या निबंधावर शून्य काढलं. "अगं, तज्ज्ञांनी तपासलेली शोधपत्रिका आण. नाहीतर शनिवारची आइस हॉकी विसर."

तीन दिवस कॉलेजची लायब्ररी उपसल्यावर तिला एका जाडजूड शोधपत्रिकेत तेच वाक्य सापडलं. लेखक, खुद्द लिंडक्विस्ट. तिने मासिकाचं नाव खोडून सरांचं टाकलं, बाकी निबंध तसाच ठेवला.

"याला म्हणतात संशोधन," म्हणत सरांनी पैकीच्या पैकी दिले.

शनिवारी स्केट्स बांधता बांधता तिने सरांच्या लेखाची तळटीप वाचली.



संदर्भ एकच होता: सलूनमधलं तेच मासिक, तोच अंक.