धोंडूबाईची चौकशी

धोंडूबाईच्या मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी नस चरबीने तुंबली होती. डॉक्टरीणबाई विचारायच्या तिला आणि उत्तरं द्यायचा तिचा नवरा काळूराम. चांदीप गावातल्या त्या घरात चाळीस वर्षं हाच कायदा होता. तरी ही बया मध्ये तोंड घातल्याशिवाय राहायची नाही आणि काळूरामचं टाळकं सटकायचं.

ऑपरेशन करून नस साफ झाली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "काही दिवस लकव्याच्या झटक्याचा धोका आहे. आमची सिस्टर रोज फोन करेल, तेव्हा आजींनाच बोलू द्या."

चौथ्या दिवशी सकाळी धोंडूबाईच्या हातून चहाची कपबशी पडली. काळूरामने तिच्या आईबापाचा उद्धार केला, तर ती नुसती बघत राहिली. तेवढ्यात सिस्टरचा फोन आला.

"आजोबा, आजींना द्या ना फोन."

धोंडूबाईने डाव्या हाताने त्याचा सदरा ओढला. त्याने तो हात झटकला.

"तिला कशाला? मी सांगतो ना, एकदम ठणठणीत हाय!" म्हणत त्याने फोन ठेवला आणि खुशीत तिच्याकडे वळला.



"ऑपरेशनचा लय गुन आला बघ तुला. सकाळपासून एक शब्द उलटून बोलली नायस."