आधीच धरलेला गंज

तळ्यातून काढलेल्या स्पोर्ट्‌स कारचा गिअरबॉक्स मेकॅनिकनं उघडला, तेव्हा बाप जीव मुठीत धरून उभा होता.

"खरं सांग, पोरीनं गाडी मुद्दाम पाण्यात घातली का रे? माझ्याशी भांडून गेली होती."

"छे हो काका! लिव्हर रिव्हर्सलाच आहे. तिला मागं यायचं होतं. गिअरनं पकडच घेतली नाही, गाडी उतारावरून पाण्यात गेली."

पोरीला जाऊन चार दिवस झाले होते. बापाला आज पहिल्यांदा मोकळं रडू आलं.

"पण," मेकॅनिक आत बघत म्हणाला, "एवढा गंज चार दिवसांत धरत नाही. आत पाणी आधीच शिरलं होतं, म्हणून गिअर धरला नाही. कुणी तुंबलेल्या रस्त्यातून नेली होती का?"

पोरगी परगावी असताना भर पावसात हौसेनं चक्कर मारून आल्यावर बापानंच गाडी पुसून लख्ख ठेवली होती, तिला कळू नये म्हणून.