ताटातला वाटेकरी

"आणि एका ताटात दोघांनी खाल्लं तर?" शिंप्याने पाळण्यांच्या बागेच्या तिकीटखिडकीशी वाकून, आवाज खाली आणत विचारलं.

"पट्टा रद्द होतो, काका," आतली मुलगी हसून म्हणाली. "ज्याच्या मनगटावर पट्टा, त्याचंच ताट. दिवसभर हवं तेवढं खा. फक्त वाटेकरी चालत नाही."

शिंप्याचा चेहरा पडला. मागे बायको पर्स उघडून तयार उभी होती. तिचा हिशेब केव्हाच झाला होता. घरचा डबा आत नेऊ देत नव्हते, आणि आतल्या दुकानांतले भाव ऐकूनच भूक मरावी. त्यापेक्षा सकाळीच एकरकमी पैसे भरले की दोन्ही वेळचं जेवण आणि मधलं खाणंपिणं सगळं त्यात आलं.

"घ्या हो दोन पट्टे," ती म्हणाली. "तुमचं पोट बघता तुमच्या एकट्याच्या पट्ट्यातच दोघांचे पैसे वसूल होतील."

दोन म्हणाली, तीन नाही. तिसरी म्हणजे त्यांची पंधरा वर्षांची लेक. ती चार पावलांवर कठड्याला टेकून पाळण्यांचा नकाशा बघत होती. गेले आठ महिने पोरीने जेवणाशी वैर धरलं होतं. ताट समोर आलं की उठून जायची. "खा म्हणू नका, घास मोजू नका, तिच्या तोंडाकडे बघत बसू नका," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तेव्हापासून त्या घरात अन्नाचं नाव काढायची चोरी झाली होती. आणि आता याच दोघांना, लेकीच्या देखत, दिवसभराच्या जेवणाचा निर्णय घ्यायचा होता. नशीब कधी कधी मुद्दाम खोड काढतं.

शिंप्याला मात्र बायकोला ठाऊक नसलेली एक गोष्ट ठाऊक होती. बायको औषधांच्या दुकानात संध्याकाळच्या पाळीला असे, म्हणून तो एकटाच जेवायला बसे. दोन महिन्यांपूर्वी एकदा लेक पाणी प्यायला आली, त्याच्या खुर्चीमागे थांबली आणि त्याच्या ताटातली बटाट्याची एक फोड उचलून तिने तोंडात टाकली. त्याने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी दोन फोडी गेल्या. मग भाताचा घास. उभ्या उभ्या, दुसऱ्याच्या ताटातलं, म्हणजे ते खाल्ल्यात धरायचं नाही, असं काहीतरी तिने स्वतःशी ठरवलं असावं.

तो दोघांपुरतं वाढून घेऊ लागला. ती चार घास घेई, बाकीचं तो संपवी. उरलेलं दिसलं असतं तर ते तिच्यासाठीच वाढलं होतं हे तिला कळलं असतं, म्हणून पोट फुटेस्तोवर संपवी. दोन महिन्यांत त्याने स्वतःच्या विजारी दोनदा सैल केल्या. बायको खादाड म्हणाली, तेही मुकाट्याने ऐकून घेतलं. लेकीचे कपडे त्याने आजवर तीनदा आत घेतले होते. गेल्या आठवड्यात तिच्या एका झग्याची शिवण त्याने पहिल्यांदा अर्धं बोट बाहेर सोडली, आणि मशीनवर डोकं टेकून रडला. बायकोला सांगावंसं फार वाटलं. पण ती आनंदाने धावत जाऊन पोरीला काहीतरी बोलली असती आणि सगळ्या केल्यासवरल्यावर पाणी पडलं असतं.

पट्टा बांधला की ताटात वाटेकरी नाही. लेकीसाठी वेगळा घेतला, तर 'खा' असं तोंडावर सांगितल्यासारखं. इथे यायचा हट्ट तिनेच धरला होता, आठ महिन्यांतला पहिला हट्ट. तो दिवस आपल्या हातून नासेल अशी शिंप्याला भीती वाटली.

"नकोच ते," तो म्हणाला. "लागेल तसं सुटं घेऊ. हे परवडत नाही."

"परवडत नाही?" बायकोचे डोळे मोठे झाले. "गिऱ्हाइकाला बटणं मोजून लावणारा माणूस तुम्ही! आणि दुप्पट पैसे टाकून सुटं घेणार?"

"मला हल्ली भूकच नसते."

यावर ती इतक्या मोठ्याने हसली की रांगेतली माणसं वळून बघू लागली. खिडकीतल्या मुलीलाही हसू आलं. तिला वाटलं आपणही थोडी मदत करावी.

"काका, तिघांचेच घ्या की," ती म्हणाली. "या ताईचं तर खायचंच वय आहे!"

झालं. बायकोचं हसू जागच्या जागी विरलं. मागे बघायचं नाही असं शिंप्याने ठरवलं, आणि बघितलंच. लेकीने नकाशा घडी करून खिशात घातला होता आणि ती सरळ त्यांच्याकडे येत होती. आता म्हणेल, घरी चला. तो घाईघाईने खिडकीकडे वळला.

"आम्हाला पट्टाबिट्टा काही नको," तो खिडकीत म्हणाला. "नुसती आत जायची तिकिटं द्या."

लेकीने त्याला कोपराने हळूच बाजूला सारलं. बाही वर केली, आणि आपलं काडीसारखं मनगट खिडकीच्या आत धरलं.

"तीन पट्टे द्या," ती त्या मुलीला म्हणाली. मग बापाकडे न बघता, हलकेच पुढे म्हणाली, "बाबा, तुझ्या ताटातलं आता मला पुरत नाही."