चार वाजायच्या आत

"अठ्ठ्याण्णव!" मेकॅनिक स्वतःशीच पुटपुटला.

सोबत आणलेल्या छोट्या पडद्यावर तापमानाचा आकडा लाल झाला होता. प्रोसेसर उकळायच्या बेतात होता, आणि जळून जाऊ नये म्हणून आपणहून पाय ओढत चालला होता. वेग पार चौथ्या हिश्शावर आलेला.

कॉम्प्युटरची पेटी बोळातल्या कपाटात ठेवलेली. भिंतीला भोक पाडून वायरी पलीकडच्या खोलीत नेल्या होत्या. त्या खोलीच्या दाराला पडदा होता.

"कपाटात का कोंडलंय हो काकू याला?"

"पंख्याच्या घरघरीनं मला झोप लागत नाही," काकू म्हणाल्या. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. "चारच्या आत होईल ना? मुलाचा व्हिडिओ कॉल यायचाय. जहाजावर असतो. तीन-तीन आठवडे फोन लागत नाही. मागच्या खेपेला यांचं एक वाक्य पुरं व्हायच्या आत लाइन गेली."

"होईल की! अठरा वर्षं हेच करतोय मी."

पडद्यामागून आवाज आला.

"आधी... धूळ... काढा."

खर्जातला, सावकाश आवाज. एकेक शब्द तोलूनमापून टाकलेला. मेकॅनिकला मनातून हसू आलं. मोठ्या हुद्द्यावरून उतरलेली माणसं अशीच बोलतात. समोरच्याला ताटकळत ठेवायची सवय सुटत नाही.

"सर कुठं होते नोकरीला?" त्यानं हळूच विचारलं.

"जहाजावरच. मुख्य इंजिनियर. बापाचं बघून मुलगाही तिकडेच गेला."

त्यानं मशीन बंद केलं, तशा काकू लगबगीनं आत गेल्या. पेटीचं झाकण निघालं आणि मांजराच्या पिल्लाएवढा धुळीचा गोळा त्याच्या मांडीवर पडला.

"सर, गोधडी पांघरून बसला होता हो हा!" तो पडद्याकडे बघून ओरडला.

उत्तर नाही. आतून फक्त काकूंचं हलकं बोलणं ऐकू येत होतं, "झालंच हं. थोडाच वेळ."

मग त्यांनी पडद्यातून डोकं बाहेर काढलं. "आता त्यांना काही विचारू नका. आधी काम उरका, दादा."

मेकॅनिकनं जीभ चावली. थट्टा अंगाशी आली म्हणायची. त्यानं मुकाट्यानं पंखा पुसला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी, पण वाळून खडखडीत झालेली पेस्ट खरवडली, नवी लावली आणि मशीन सुरू केलं.

साठ. पंच्याहत्तर. नव्वद. शहाण्णव.

त्याच्या कपाळावर घाम आला. धूळ काढली, पेस्ट बदलली, पंखा भिंगरीसारखा फिरतोय. आता राहिलं काय?

"कापतोय... तो," पडद्यामागचा आवाज म्हणाला. "घट्ट... बसलेला... पंखा... असा... वाजत... नाही. एक... पाय... टेकला... नाही."

मेकॅनिकनं विजेरी आत धरली. पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा चार प्लास्टिकच्या पायांवर बसतो. तीन पाय ठीक होते. चौथा वायरींच्या जुडग्याआड होता. वरून बसल्यासारखा दिसत होता. बोट लावलं तर दातासारखा हलला. त्या कोपऱ्यात ठोकळा केसभर उचललेला, म्हणजे प्रोसेसरची उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती.

त्याच्या अंगावर काटा आला. मधे भिंत, मधे पडदा, आणि या माणसानं नुसत्या आवाजावरून नाडी पकडली! अठरा वर्षं आपण पेट्या उघडतोय, पण कधी कान देऊन ऐकलं होतं का?

"सर, तुम्हाला कळलं कसं?"

बराच वेळ गेला.

"बत्तीस... वर्षं... इंजिनाशेजारी... झोपलो. जेव्हा... ते... गप्प व्हायचं... तेव्हा... जाग... यायची."

मेकॅनिकनं नकळत पडद्याच्या दिशेनं हात जोडले.

चारला वीस मिनिटं होती. त्यानं मशीन पुन्हा बंद केलं. चौथ्या पायाची खुंटी मोडलेली निघाली. पिशवी उपडी करून त्यानं जुन्या पंख्याची एक शोधून काढली. पुन्हा पेस्ट, पुन्हा ठोकळा. काकू दोनदा डोकावल्या. "अजून किती? त्यांना असं फार वेळ ठेववत नाही हो मला." त्यांचा चेहरा बघून त्यानं चारी पाय भराभर दाबायला घेतले. कट्. कट्. कट्. आणि शेवटचा, कट्.

चारला चार मिनिटं कमी असताना मशीन सुरू झालं. अडतीस. चव्वेचाळीस. एक्कावन्न. आकडा तिथंच थांबला. वेगाचा काटा मात्र चौपट वर चढून बसला. त्यानं कपाटाचं दार सताड उघडं ठेवलं आणि भिंतीला टेकून खाली बसला.

आत फोन वाजला.

"बाबा? ऐकू येतंय?" दूरवरून, लाटांतून आल्यासारखा मुलाचा आवाज.

क्षणभर सामसूम. मग खर्जातला तो आवाज आला, यावेळी न तुटता, सबंध. "येतंय. आधी ती दाढी काढ, तुझ्या आईला बघवत नाही."

 मुलगा एवढ्या मोठ्यानं ओरडला, की बोळापर्यंत ऐकू आलं. "बाबा, एका दमात बोललात तुम्ही!"

काकू हसत होत्या की रडत होत्या, ते कळत नव्हतं. मेकॅनिक उठला आणि पावलं न वाजवता पिशवी भरायला लागला. आपल्या हातून आज काहीतरी मोठं झालं, एवढं त्याला उमगत होतं. काय झालं, ते सांगता आलं नसतं.

फोन संपला तशी आतून हाक आली. "मेकॅनिक दादा, आत या. यांना तुम्हाला बघायचंय."

त्यानं हात पँटला पुसले आणि अशा माणसाच्या पाया पडावं की हात मिळवावा, याचा विचार करतच पडदा बाजूला सारला.

खाटेवरच्या माणसाचे ओठ मिटलेले होते, गळ्यात श्वासाची नळी होती, दोन्ही हात कुणीतरी नीट मांडून ठेवल्यासारखे चादरीवर होते, डोळे तेवढे समोरच्या कॉम्प्युटरच्या मॉनिटरवरची अक्षरं एकेक करून टिपत होते, आणि मॉनिटरखालच्या स्पीकरमधून तोच खर्जातला आवाज म्हणाला, "बसा."