न फुटलेलं कुलूप

"चोर! सगळे वाचक मेले चोर!" ज्येष्ठ कादंबरीकार दुइसेनगाली-आगांनी चहाचा प्याला टेबलावर आपटला. "पोरी, माझ्या ई-पुस्तकाला कुलूप घालायला लावलं मी, म्हणून ते अजून शाबूत आहे."

शोल्पानने सांडलेला चहा पुसला. कझाकस्तानातल्या अल्माटीतलं तिचं छोटं प्रकाशन बुडायला आलं होतं. नवं पुस्तक निघालं रे निघालं, की 'फुकट पान' नावाच्या टेलिग्राम चॅनेलवर हजर! अपवाद एकच, आगांची जाडजूड कादंबरी. वर्ष झालं, तिला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती.

"पण आगा, मेजवानीत तुम्ही नको म्हणणाऱ्याच्याही पिशवीत मांस कोंबता, घरच्यांना घेऊन जा म्हणता. मग पुस्तकावरच एवढा पहारा कशाला?"

"मांस मेंढीचं असतं, कादंबरी माझी आहे!" आगा खेकसले. "त्या काझीबेकची तीन पुस्तकं चोरली. तीन! त्या टुकार लेखकाची! काय बघतात काय त्याच्यात?"

"त्याच्या पुस्तकांना कुलूप नव्हतं ना."

"हां. तेच ते." आगांनी घाईघाईने तळलेला बाउरसाक तोंडात कोंबला. "उद्याच्या उद्या सगळ्या पुस्तकांना माझ्यासारखं कुलूप ठोक. या फुकट्यांची तीच लायकी."

शोल्पानच्या जिवावर आलं. खेड्यातले मास्तर एक प्रत घेऊन गावभर फिरवायचे. कुलूप लागलं की ते सगळं संपलं. पण प्रकाशनच बंद पडलं, तर कसलं पुस्तक नि कसले वाचक? शिवाय आगांच्या कुलपाबद्दल आजवर एकाही वाचकाने कुरकुर केली नव्हती.

आगा गेले. कुलूपवाल्याला फोन लावता लावता ती थबकली. आधी खात्री तर करू. तिने 'फुकट पान'च्या मालकाला खोचकपणे लिहिलं, "काय हो बहाद्दर, दुइसेनगाली-आगांचं कुलूप काही फुटेना वाटतं?"

उत्तर लगेच आलं.

"फोडायचं कशाला, बाई? आगा स्वतःच दर शुक्रवारी बिनकुलपाची फाइल पाठवतात. 'टाक रे बाबा एकदा' म्हणून हातापाया पडतात. पण आमच्याही चॅनेलला काही अब्रू आहे."