बोटांनी ओळखायचे घर

माझ्या सहधर्मचारिणीची दृष्टी मंदावत चालली, तेव्हा तिने एकच मागणे मागितले. स्वतःच्या घरात तिला कुणाचा हात धरून चालायचे नव्हते. म्हणून भिंतींना मोझॅक टाइल्स बसवायचे ठरले. प्रत्येक खोली तिला बोटांनी ओळखता यावी.

दुकानात तिने एकेक नमुना चाचपला. स्वयंपाकघरासाठी गोल निवडले, न्हाणीघरासाठी षट्कोनी.

"आजी, रंग कोणता?" दुकानदाराने विचारले.

"रंग यांना विचारा. तेवढंच काम ठेवलंय यांना."

मिस्त्री काम संपवून गेल्यावर ती भिंतीला हात लावून एकटीच निघाली. "हे स्वयंपाकघर. हे न्हाणीघर." मी कृतार्थ होऊन मागून चालत होतो.

पॅसेजच्या टोकाशी, जिथे आमचे घर संपते, त्या कोऱ्या भिंतीपाशी ती थांबली.

"अहो, ही त्रिकोणी कधी निवडलीत?"

"अगं, तिथे नुसतं प्लास्टर आहे."

"डोळे माझे गेलेत की तुमचे?" असे म्हणून तिने माझा हात ओढून भिंतीवर टेकवला.

डोळ्यांना पांढरी भिंत दिसत होती. बोटांखाली मात्र लहान लहान त्रिकोण होते. गार, नुकतेच धुतल्यासारखे ओले.

"आणि इथलं दारही उघडं ठेवलंत," ती कौतुकाने म्हणाली, आणि तिने माझा हात सोडला.