पुरी चक्कर

“खुर्ची ठेवली तं मी येतच नाही, सांगून ठेवते,” बेबीताई म्हणाल्या आणि सकाळी सकाळी मैत्री बागेच्या, तिथल्या प्राणिसंग्रहालयाच्या, गेटातून देवाजींच्या पुढं आत शिरल्या.

देवाजींची नजर त्यांच्या पायावर. नव्या गुडघ्याचा पाय जरा बाहेरून पडत होता, पण पडत होता.

त्याच संध्याकाळी सेक्टर दहाच्या मंडळात सप्ताहाचं शेवटचं कीर्तन होतं, आणि ऑपरेशननंतरचं बेबीताईंचं पहिलं. मंडळी म्हणाली, ताईंनी बसून करावं, देव काही रागावत नाही. बेबीताई मात्र रागावल्या. नारदाच्या गादीवर खुर्ची? शेवटी देवाजींनी पैज लावली. बागेतून निघायचं, नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, काठाकाठानं परत गेटापाशी यायचं. पुरी चक्कर, आणि मधे कुठं टेकायचं नाही. जमलं तर उभं राहा. नाहीतर तिच्या जागी कीर्तन करायला दुर्गच्या बुवांना फोन. नवरा म्हणून त्यांना भीती एकच होती, भर मंडपात ही कोसळली तर?

पिंजऱ्यातली वाघीण एकदा गुरगुरली.

“पायलं? तिले बी चक्कर मारावी वाटून राहिली,” बेबीताई म्हणाल्या. “पण तिचा नवरा सोडत नसंल.”

देवाजी हसले नाहीत. झाडाखालच्या बाकावर शेजारची ललिता बसली होती. तिनं सरकून जागा केली.

“बसा ना ताई घडीभर. मी नाही सांगत कोणाले.”

“तू नाही सांगणार गं. पण वरचा पाहून राहिला ना!”

ललिता उठली आणि त्यांच्यासोबत चालू लागली.

नहर लागला तशी बेबीताईंची चाल मोडली. कपाळावर घाम आला, हात पदराशी चाळा करू लागला. देवाजींचा हात खिशातल्या मोबाइलवर गेला.

“थांबतं का?”

“थांबायले काय झालं? ऐका.” त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि हलक्या आवाजात सुरू केलं, “जय जय रामकृष्ण हरी... तं एक होती म्हातारी. तिच्या घरी एक गाय, गाईले एक वासरू. म्हातारीनं नवस केला, देवाले लोटाभर दूध नेईन. लोटा डोक्यावर घेतला अन् निघाली. मागून वासरू. म्हातारी म्हणे, जा रे घरी, हे तुयं नाही, देवाचं आहे. वासरू जाते काय? पुढं म्हातारी, मागं वासरू. पुढं म्हातारी, मागं वासरू...”

शेवटच्या शब्दांना चाल लागली. ललितानं टाळी धरली. पुढं चाललेला, स्टील प्लांटात नोकरीला असलेला कमलेश पाऊल आखडून त्यांच्या बरोबरीला आला. मागच्या तीन बायका आणि फिरायला आलेले दोघे गप्पा सोडून जवळ आले. बेबीताईंचा हात डोक्यावरच्या नसलेल्या लोट्याला गेला, मान सावरली गेली, आणि पाय आपला आपण पडू लागला.

“वळणावर वासरानं हंबरडा फोडला. म्हातारी मागं वळली. म्हणे, घे बाप्पा, एक घोट घे. देवाले काय, थोडं कमी.”

“मौसी, एकच घोट? फिर?” कमलेशनं विचारलं.

“फिर दुसरं वळण आलं ना रे!”

गेट आलं.

ते फक्त देवाजींना दिसलं. ‘जमलं, बस कर’ हे शब्द त्यांच्या ओठांशी आले. चक्कर पुरी झाली होती, पैज ती जिंकली होती, आता रिक्षा करून घरी न्यावं, पाय शेकावा. पण म्हातारी अर्ध्या वाटेत होती. लोटा डोक्यावर होता. आजवर तिच्या मागं उभं राहून त्यांनी झांज वाजवली, पण आख्यान चालू असताना मधे कधी शब्द टाकला नव्हता. कीर्तन मधून तोडू नये, मधून उठूही नये. कमलेशनं घड्याळ पाहिलं, ड्यूटीची वेळ पाहिली, आणि मनगट खाली सोडून चालत राहिला. घरी निघालेल्या दोघी-तिघी गेटातूनच मागं वळल्या. देवाजींनी शब्द गिळला आणि गेट मागं टाकलं.

बाग झाली. पुन्हा नहर लागला. आता देवाजींच्याच छातीचा भाता झाला होता. नहरावरच्या छोट्या पुलाच्या, पुलियाच्या, कठड्यावर ते धपकन बसले.

बेबीताई वळल्या. “अवो! तुमी कावून बसले?”

“पैज तुह्यावर होती. माह्यावर नोहती.”

सगळे हसले. बेबीताईंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं.

“हा नहर दुसऱ्यांदा आला काय?”

“हो.”

“अन् गेट?”

“मघाच गेलं.”

“मंग सांगतलं नाही?”

देवाजींनी गमछ्यानं तोंड पुसलं. “कसा सांगू? वासरू प्यासं होतं.”

 एकदा नवऱ्याकडं आणि एकदा आपल्या पायांकडं बेबीताईंनी पाहिलं. मग पदर कमरेला खोचला आणि पाण्याकडं पाठ करून ताठ उभ्या राहिल्या.

“बसले तं बसा. ऐकणाऱ्याईनं बसाच लागते.”

ललिता गवतावर बसली. तिच्यामागं त्या बायका. कमलेश बसता बसता थांबला, वाकला, बुटाच्या नाड्या सोडल्या. त्याचं पाहून दुसऱ्यानं सोडल्या, मग तिसऱ्यानं. सकाळच्या कोवळ्या उन्हात नहराच्या काठानं बुटांची नि चपलांची रांग लागली, मंडपाबाहेर लागते तशी.